काटेबाईंची साक्ष

लाकडाच्या कारखान्यात माणसाचे शरीर कुठे कुठे फाटू शकते, याची काटेबाईंइतकी नेमकी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती. फळांच्या पेट्या बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या दवाखान्यात त्या एकोणीस वर्षे परिचारिका होत्या. दवाखाना म्हणजे एक खाट, एक बेसिन, काचेचे कपाट आणि खिडकीबाहेर दिवसभर किंचाळणारी करवत. त्या करवतीवर बोटे जात. खिळे ठोकणाऱ्या यंत्राखाली तळहात भोसकले जात, आणि फळ्यांची थप्पी ढासळली की पायाच्या हाडांचा चुरा होई. हे वर्षातून चार-दोनदा. रोजचे काम मात्र कुसळांचे. नखाखाली रुतलेले, पापणीच्या कडेला अडकलेले, मांडीत बोटभर शिरलेले लाकडाचे कुसळ त्या चिमट्याने असे उपसत की माणूस ओरडायचे ठरवेपर्यंत काम झालेले असे. त्यावरून त्यांना काटेबाई म्हणत. खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले होते.

उन्हाळ्यात कुसळांच्या जोडीला डंख येत. कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे मधवाल्याच्या तीसएक पेट्या होत्या; अलीकडे, थप्प्यांच्या पोकळ्यांत, गांधीलमाश्यांची घरटी. गांधीलमाशी लाकूड खरवडते, थुंकीत मळते आणि त्याच्या कागदाचे घर बांधते, तेव्हा तिच्या दृष्टीने हा कारखाना तिच्यासाठीच उभारलेला होता. कामगारांना पिवळे आणि उडणारे ते सगळे सारखेच. काटेबाईंना तसे चालत नसे. मधमाशी केसाळ, तपकिरी, अंगाने भरलेली. गांधीलमाशी गुळगुळीत, झळझळीत, कंबर तुटेल इतकी बारीक. पण डंखलेला माणूस माशीचे रूप न्याहाळत बसत नाही, म्हणून त्या जखम पाहत. मधमाशीच्या नांगीला आकडे असतात. ती कातडीत अडकते आणि माशी उडू पाहते तेव्हा तिच्या पोटाचा भाग नांगीसकट तुटून मागे राहतो. माशी मरते, तुटलेली पिशवी मात्र विष ओतत राहते. गांधीलमाशीची नांगी सुईसारखी सरळ. ती टोचते, काढते, पुन्हा टोचते, आणि मागे एक स्वच्छ भोक ठेवून निघून जाते.

या ज्ञानातून त्यांनी भिंतीवर स्वतःच्या अक्षरात एक सूचना लावली होती: ‘नांगी दिसल्यास चिमटीत धरू नये. कार्डाच्या कडेने ताबडतोब खरवडावी.’ नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी त्या हे हजेरीच्या कार्डाने करून दाखवत. कारण विचारले तर म्हणत, आधी कर, मग विचार. नंतर कुणी विचारत नसे.

त्या दुपारी चौघांनी एका फळीवरून थप्पीवाल्याला आणले तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा चेहरा उरलेला नव्हता. फळ्यांच्या थप्प्या रचणारा, सव्वीस वर्षांचा, दोन माणसांची फळी एकट्याने उचलणारा गडी. डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या, ओठ उलटे फिरले होते आणि गळ्यातून ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा आवाज येत होता. तिसऱ्या थप्पीमागे तो एकटा सापडला होता. काटेबाईंनी मांडीत इंजेक्शन दिले, पाठोपाठ दुसरे दिले. तो खाटेवर असा उसळला की त्याच्या टाचेने बेसिनची कड फुटली. दोघांनी त्याचे पाय दाबून धरले, एकाने खांदे. त्याच्या नखांनी काटेबाईंच्या हातावर चार रेघा ओढल्या, त्यांतून रक्त आले, आणि मग तीच बोटे सैल झाली. सगळे मिळून सहा मिनिटे.

करवत थांबली. सुट्टीचा भोंगा झालेला नसताना ती थांबलेली कुणी ऐकली नव्हती. करवतीवर काम करणारा त्याचा थोरला भाऊ दारात येऊन उभा राहिला. अंगभर भुसा, भुवयांवर भुसा. खाटेकडे त्याने फार वेळ पाहिले नाही. बाहेर तोवर गर्दीने मधवाल्याला भिंतीवरून ओढून आणले होते. त्याची जाळीची टोपी पायांखाली गेली होती, वरचा ओठ दातापर्यंत फाटला होता, आणि दोघे त्याचे हात पिरगाळून त्याला दवाखान्याच्या पायरीवर गुडघ्यांवर दाबत होते. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. तो पेट्यांसाठी होता की माणसासाठी, हे डबा धरणाऱ्यालाही ठाऊक नसावे.

करवतवाल्याने एवढेच विचारले, “बाई, माश्या कुणाच्या होत्या?”

काटेबाईंनी दार लोटले आणि भिंग घेऊन त्या प्रेतावर वाकल्या. हे त्यांचे श्रेय आहे. बाहेर एक माणूस ठार होण्याच्या बेतात असताना त्या घाईने काही बोलल्या नाहीत. मानेवर, गालांवर, मनगटांवर मिळून चौदा डंख. प्रत्येक डंख त्यांनी कडेने दाबून पाहिला. एकातही नांगी नव्हती. चौदा स्वच्छ भोके.

त्यांनी दार उघडले आणि सांगितले की मधमाश्या असत्या तर नांग्या राहिल्या असत्या, एकही नाही, तेव्हा या गांधीलमाश्या. मधवाल्याला सोडा.

हे शब्द जड होते, कारण ते कुणावर पडणार हे सर्वांना ठाऊक होते. तिसऱ्या थप्पीत गांधीलमाश्यांचे घागरीएवढे घरटे आहे, अशी तक्रार कामगारांनी मुकादमाकडे दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा त्याने हसून उत्तर दिले होते की माल गेला की घरटेही जाईल, त्यांचे भाडे वसूल करायचे राहिले आहे. हा मुकादम म्हणजे काटेबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्हणूनच त्यांच्यावर क्षणात विश्वास बसला. गर्दीतून कुणी तरी म्हणाले, “स्वतःच्या बहिणीच्या घरावर निखारा टाकून कोण खोटं बोलेल?” पिरगाळलेले हात सुटले. मधवाला पायरीवरच आडवा झाला.

साक्षीत स्वतःचे नुकसान असले की ती साक्ष खरी, असा समाजाचा एक जुना हिशेब आहे. काटेबाईंनीही त्या क्षणी तोच हिशेब केला. आपण नाते पाहिले नाही, या जाणिवेने त्यांची मान ताठ झाली, आणि ताठ मानेला खाली जमिनीकडे पाहणे सुचले नाही. तिसऱ्या थप्पीमागे जाऊन भुशात काय पडले आहे, हे पाहायला वीस पावले पुरली असती. त्या गेल्या नाहीत.

गर्दीने आधी घरटे पेटवले. रॉकेल होतेच. कागदाचे घर भपकन जळाले. पंख जळालेल्या माश्या ठिणग्यांसारख्या खाली पडत होत्या आणि पडल्यावरही पोट वाकवून हवेला टोचत होत्या. बुटांनी त्या चिरडल्या गेल्या. तेवढ्याने कुणाचे समाधान झाले नाही, कारण माशीला मारून कुणाला शिक्षा केल्यासारखे वाटत नाही. मुकादम कचेरीच्या मागच्या दाराने निघाला होता. त्याला वजनकाट्यापाशी गाठले. पहिली फळी पाठीत बसली, दुसरी गुडघ्याच्या वाटीवर. तो खाली पडल्यावर मारणाऱ्यांना वाकावे लागले, आणि वाकून मारताना माणूस जवळून पाहतो, आपण कुठे मारतो आहोत ते. तरीही ते थांबले नाहीत. एका तुकड्याला खिळा राहिला होता. डावा डोळा त्याने गेला. काटेबाई धावत पोचल्या तेव्हा त्यांनी तळहाताने ती खोबण दाबून धरली, आणि त्यांच्या हातावरही दोन फटके बसले, त्यांना कुणी मारू पाहत होते म्हणून नव्हे, तर मारणारे हात आपले काम अजून संपले नाही असे समजत होते म्हणून.

पोलीस आले, दोघांना नेले, सकाळी सोडले. करवतवाल्याने भावाचे सर्व उरकले आणि तिसऱ्या दिवशी कामावर येऊन शांतपणे जाहीर केले की मुकादम रुग्णालयातून ज्या दिवशी बाहेर पडेल, त्या दिवशी उरलेला डोळाही राहणार नाही, आणि मानही. तो बडबड्या माणूस नव्हता. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी यंत्रांना वंगण घालणारा, साऱ्या कारखान्याचा वंगणकाका, उकळत्या तेलाने भाजलेला हात घेऊन दवाखान्यात आला. काटेबाई पट्टी बांधत होत्या. गप्प बसणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि गेलेल्याचे दुःख त्यालाही होते. तो म्हणाला की बिचाऱ्यासाठी जे करता आले ते आपण केले, बाईंनी शिकवल्याबरहुकूम.

“काय केलंस?” त्यांनी विचारले.

“खरवडलं की. मीच तर आधी पोचलो. कार्ड काढलं आणि मान, गाल, हात, जिथे जिथे काळं टोक दिसलं तिथे तिथे कडेने उडवलं. डझनभर तरी असतील. एक नाही ठेवलं, बाई. मग धावलो गावातल्या डॉक्टरला बोलवायला.”

त्याने हे शाबासकीच्या अपेक्षेने सांगितले होते. काटेबाईंच्या हातातली पट्टी सुटून जमिनीवर लांबवर उलगडत गेली.

तू त्याच दिवशी हे का बोलला नाहीस, असे त्यांनी विचारले तेव्हा तो खरोखर गोंधळला. तो परत येईपर्यंत गर्दी निघून गेली होती. आणि बाई म्हणाल्या गांधीलमाश्या, तेव्हा त्या गांधीलमाश्याच असणार. एकोणीस वर्षे माशीची नांगी पाहणाऱ्या बाईपुढे आपण शहाणपण कशाला पाजळावे? नांगी कोणाची राहते आणि कोणाची राहत नाही, हे त्याला कधी कुणी सांगितलेच नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की दिसली की खरवडायची. त्यांनी एकोणीस वर्षे माणसांच्या हातांना कृती शिकवली होती आणि कारण स्वतःपाशी ठेवले होते. त्या राखून ठेवलेल्या कारणाने आता एका माणसाचा डोळा घेतला होता.

“हे मी सांगणार आहे,” त्या म्हणाल्या.

वंगणकाका पार आक्रसला. माझे नाव घेऊ नका, एवढेच तो म्हणाला. दोन लेकी आहेत, आणि करवतवाल्याचा हात आपण पाहिला आहे. काटेबाईंनी त्याला शब्द दिला. मग त्यांनी उलगडलेली पट्टी टाकून दिली आणि नवी बांधली.

संध्याकाळी त्या भिंतीला वळसा घालून मधवाल्याकडे गेल्या. ओठाला टाके, बरगड्यांना आवळपट्टी, असा तो पेट्यांपुढे उकिडवा बसला होता. त्याने त्यांना पाहून हात जोडले; जीव वाचवणारीला जोडावेत तसे. त्यांनी सरळ विचारले की त्या दुपारी पेट्या उघडल्या होत्या का. त्याने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, उघडल्या होत्या. कोपऱ्यातली एक वसाहत महिनाभर पिसाळल्यासारखी वागत होती. तिची राणीमाशी बदलायला हवी होती, आज करू उद्या करू करत राहून गेले. झाकण काढताच सगळ्या भिंतीवरून पलीकडे गेल्या.

ती पेटी कुठली, असे काटेबाईंनी विचारले. त्याने बोट दाखवले. पेटीचे तोंड चिखलाने लिंपून टाकलेले होते, वाळलेल्या चिखलाला तडे गेले होते, आणि फटीतून कुजका, आंबट वास येत होता. वीसेक हजार जीव त्याने आत कोंडून मारले होते.

“कधी लिंपलंत?”

“त्याच रात्री.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

मधवाल्याने टाके ताणले जाऊ नयेत म्हणून ओठ न हलवता उत्तर दिले. “तुम्ही गांधीलमाश्या म्हणालात ना, बाई. मग मीही तेच धरून बसलो. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, असं मनाला रोज सांगतो.”

त्याच्यावर संतापण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे काटेबाईंना ठरवता आले नाही. त्यांनी त्याला दोन दिवस दिले. परवा सकाळी पाळी बदलताना आपण फाटकाशी उभे राहून खरे काय ते सांगणार. तोवर पेट्या आणि तुम्ही इथे असता कामा नये. कुठे जाऊ, असे त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन गाड्या आल्या आणि भिंतीपलीकडे चौकोनी, पिवळ्या पडलेल्या गवताच्या खुणा तेवढ्या उरल्या.

बहिणीला त्यांनी रुग्णालयाच्या ओसरीतल्या बाकावर सांगितले. तिने ऐकून घेतले. नवऱ्याची रक्ताळलेली उशीची खोळ ती घडी करत होती. घडी पूर्ण केली.

“आता सांगून त्यांचा डोळा उगवणार आहे का, ताई?” ती म्हणाली. “तेव्हा खरं बोललीस तेव्हा डोळा गेला. आता खरं बोलशील तेव्हा काय जाईल? तुझ्या खऱ्याची मला भीती वाटते.” आणि मग, उठता उठता, “उद्या सोडणार आहेत त्यांना. मी काही म्हणत नाही. तुला सुचेल ते कर.”

ठरलेल्या सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी काटेबाई फाटकाशेजारच्या पालथ्या पेटीवर उभ्या राहिल्या. रात्रपाळीचे निघालेले आणि दिवसपाळीचे आलेले मिळून दीडशे माणसे असतील. त्यांनी अर्जात लिहावे तसे क्रमाने सांगितले: डंख मधमाश्यांचे होते, नांग्या होत्या, मी पाहण्यापूर्वी त्या कुणी तरी सद्भावनेने खरवडल्या होत्या, मी चौकशी न करता साक्ष दिली, मुकादमाने घरटे काढले नाही हा त्याचा दोष आहे, पण या मरणाशी त्या घरट्याचा संबंध नाही.

प्रथम हशा पिकला. एक जण म्हणाला, “त्या दिवशी गांधीलमाश्या, आज मधमाश्या. उद्या डास म्हणाल.” दुसऱ्याने जोड दिली की बहिणीचे रडे कानावर पडले आणि माशीची जात बदलली. कुणी तरी भिंतीवर चढून पाहिले आणि ओरडून सांगितले की पेट्या नाहीत. मग हशा थांबला. मधवाल्याला पळवलेही हिनेच, हे कळायला वेळ लागला नाही. नुकसानीची साक्ष ज्या मापाने खरी ठरली होती, त्याच मापाने ही फायद्याची साक्ष खोटी ठरत होती.

करवतवाला पुढे आला. त्याने विचारले, खरवडले कुणी, नाव सांगा. काटेबाई गर्दीत कुणाकडेही न पाहता म्हणाल्या की नाव सांगणार नाही. पहिल्या रांगेत वंगणकाका स्वतःच्या पट्टीकडे पाहत उभा होता.

“नाव नाही, नांगी नाही, मधवाला नाही,” करवतवाला म्हणाला. “फक्त तुमचा शब्द. आणि मुकादम आज घरी येणार.”

“चूक माझी आहे. त्याची नाही. मारायचं तर ज्याच्यामुळे झालं त्याला मार.”

त्याने मारले. पेटीवरून त्या खाली आल्या त्या चेहऱ्यावरच. बुक्की तोंडावर बसली होती, समोरचा एक दात मुळासकट गेला होता आणि दुसरा लोंबत होता. दुसरे कुणी पुढे आले नाही. मुकादमाला मारताना सगळे हात एक झाले होते. या वेळी मारणारा हात एकटा होता आणि तो कुणाचा ते सगळ्यांनी पाहिले होते. त्याने दुसऱ्यांदा मूठ उचलली. काटेबाई कोपरावर रेलून उठल्या, रक्ताची गुळणी थुंकल्या, आणि मुठीकडे पाहत राहिल्या. मधल्या बोटाच्या सांध्यावर कातडी उघडली होती आणि आत पांढरे दिसत होते.

“दात लागलाय,” त्या म्हणाल्या. तोंड नीट मिटत नव्हते, शब्द घरंगळत होते. “माणसाचा दात वाईट. तासाभरात धुतलं नाही तर हात सडेल. आत चल.”

त्या वळून चालू लागल्या. करवतवाला तिथेच उभा राहिला, आणि मग त्याचे पाय निघाले. एकोणीस वर्षांत ‘आत चल’ म्हटल्यावर त्या कारखान्यात कुणी बाहेर राहिलेले नव्हते. पायांना तो हुकूम मनाच्या आधी पोचला.

दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या तोंडात कापसाचा बोळा दाबला आणि त्याचा हात नळाखाली धरला. पाणी गुलाबी होऊन वाहत होते. त्यांनी जखम बोटांनी फाकवली, आत ब्रश फिरवला. खाटेची लोखंडी कड पकडून त्याने तो दाह सोसला. शिवायचे नाही, उघडेच ठेवायचे, दाताची जखम शिवली की आत पिकते, असे त्या बोळ्याआडून सांगत होत्या. आणि या वेळी का, तेही सांगत होत्या, न विचारता, सावकाश.

पट्टी अर्धी झाल्यावर तो म्हणाला, “नांग्या होत्या, हे ज्याने सांगितलं, तो खोटं बोलणारा माणूस आहे का?”

“नाही.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“तेव्हाही होती,” काटेबाई म्हणाल्या. “या वेळी दोनदा विचारलं. मधवाल्यालाही विचारलं. त्याने कबूल केलं.”

तो खाटेकडे पाहत होता. तिच्यावरची चादर बदललेली होती.

“त्याला कळलं असेल का? शेवटी. मी यायच्या आधी.”

गळा बंद होताना शुद्ध किती वेळ राहते, याचा आकडा काटेबाईंना पाठ होता, आणि दिलासा म्हणून द्यायचा खोटा आकडाही पाठ होता.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. हात चालवत होते.”

बाहेर दिवसपाळीचा भोंगा झाला. करवत सुरू झाली नाही. ती चालवणारा इथे बसला होता. मग त्याने विचारले, “मुकादम किती वाजता सुटणार?”

“दुपारी. माझी बहीण आणेल त्याला. एकटीच.”

“येऊ दे,” तो म्हणाला. “मी कामावर असेन.”

मग त्याने पट्टी बांधलेला हात उघडला, मिटला, आणि पुन्हा कधी यायचे ते विचारले. उद्या सकाळी, त्या म्हणाल्या, आणि जखम भरत नाही तोवर रोज. तो उठून गेला. थोड्या वेळाने खिडकीबाहेर करवत किंचाळू लागली, डाव्या हाताने चालवल्यासारखी, अडखळत. काटेबाईंनी आरशात पाहून लोंबणारा दात चिमट्यात धरला आणि ओढला.